वीरगळ धुवायचं सामान: कोल्हापुरात काय मिळतं, काय घ्यावं, काय टाळावं

करवीर, पन्हाळा, शिरोळ, राधानगरी, कुठल्याही तालुक्यात जा. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराशी, नदीकाठच्या स्मशानाच्या कडेला कोरीव दगड उभे नाहीतर आडवे पडलेले दिसतात. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारक-दगड, सतीशिळा, क्वचित एखादा गद्धेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड. अलीकडे गावोगावची तरुण मंडळं सुट्टी बघून हे दगड धुऊन काढतात, झाडी तोडतात, फलक लावतात. काम मोलाचं आहे आणि ते वाढलं पाहिजे. अडचण सामानाची आहे. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘जुना दगड साफ करायचाय’ म्हटलं की काउंटरवर तारेचा ब्रश आणि ॲसिडचा कॅन येतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे रोज फरशीवाले आणि रंगारीच येतात. पण फरशीला जे चालतं ते वीरगळाला चालत नाही.

म्हणून हे परीक्षण त्या सामानाचं. कोल्हापूरच्या बाजारात मिळणारी कुठली वस्तू वीरगळावर निर्धास्त वापरावी, कुठली जपून, आणि कुठली दगडाजवळ नेऊच नये, एवढं यात सांगतो. आमचा कौल आधीच देऊन टाकतो: चांगलं पाणी, बांबूच्या कामट्या, मऊ नायलॉनचे ब्रश आणि भरपूर वेळ. बहुतेक दगडांचं काम एवढ्यात भागतं. महाग सामान लागतं ते थोड्या ठिकाणी, आणि बाजारातलं निम्मं महाग सामान तर उलट बाधतं.

आधी दगड बघा

आपल्याकडचे बहुतेक वीरगळ काळ्या बेसॉल्टचे. दगड कठीण, त्यामुळे घासला तर काय होतंय असं वाटतं. ताजी खडी फोडली तर ती कठीण लागते हे खरं. पण शेकडो पावसाळे खाल्लेल्या दगडाची वरची एक-दोन मिलिमीटरची साल तशी राहिलेली नसते. तिच्यातली काही खनिजं मातीच्या वाटेला लागलेली असतात, आणि सगळी नक्षी त्याच सालीवर असते. कोल्हापूरच्या शिलाहारांची सत्ता यादव सिंघणाने १२१२ च्या सुमारास संपवली. त्यांच्या काळातला आणि त्यानंतरच्या दोन-तीन शतकांतला दगड तुमच्या हातात आहे, हे धरूनच ब्रश उचला.

वीरगळ एकावर एक आडव्या पट्ट्यांत कोरलेला असतो, तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली पडलेला वीर, कधी त्याच्याजवळ गाई, म्हणजे गोधन सोडवताना आलेलं मरण. त्यावर लढाई. त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर पिंडीची पूजा करणारा वीर, आणि माथ्यावर कलश, चंद्र, सूर्य. सतीशिळेवर कोपरात काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. यातल्या जाड गोष्टी, म्हणजे घोड्याचं पोट, ढाल, पिंड, कशानेही घासल्या तरी एकदम जात नाहीत. आधी जातात त्या दोन-तीन मिलिमीटरच्या गोष्टी: लगाम, तलवारीची मूठ, हातातल्या बांगड्यांमधल्या खाचा, पट्ट्यांच्या मधल्या कडेवर कोरलेली अक्षरं. आणि दगड कुणाचा, कधीचा हे सांगतात त्या याच गोष्टी. या भागातले जुने लेख हळेकन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात, असू शकतात. आपल्याला वाचता येत नाही म्हणून ती ‘रेघोट्या’ समजून घासू नका.

सामान आणण्याआधी दोन गोष्टी. पहिली, परवानगी. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. खिद्रापूरच्या कोपेश्वरासारख्या संरक्षित स्मारकाच्या आवारातल्या दगडाला पुरातत्त्व खात्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, पाण्याचासुद्धा नाही. गावातल्या असंरक्षित दगडासाठी ग्रामपंचायतीचं लेखी पत्र घ्या, आणि दगड पुजेत असेल तर गुरवाला आणि त्या भावकीला आधी विचारा. दगड हलवायचा किंवा भोवती खणायचं असेल तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवल्याशिवाय कुदळ उचलू नका. जमिनीत काय पुरलेलं आहे आणि कुठल्या थरात, हे एकदा उकरलं की परत कळत नाही.

दुसरी, टिचकी. बोटाच्या नखाने दगडावर जागोजागी हलकी टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर साल घट्ट आहे. पोकळ, भदभदा आवाज आला तर तिथे पापुद्रा सुटलाय, तेवढ्या जागेला खडूने नव्हे, कागदावरच्या चित्रात खूण करा आणि ती जागा सोडून द्या. बोट फिरवल्यावर हाताला भुकटी लागत असेल तर तो दगड धुवायचाच नाही.

कामट्या आणि ब्रश

बुरुड गल्लीत जाऊन जुन्या, वाळलेल्या बांबूच्या कामट्या मागा. सहा ते आठ इंच लांब, अंगठ्याएवढ्या रुंद, एक टोक छिन्नीसारखं तिरकं तासलेलं आणि एक बोथट. ओला बांबू घेऊ नका, पाण्यात टोक लगेच पिसतं. तासताना बाहेरची चकचकीत साल टोकाला येऊ देऊ नका. त्या सालीत गारगोटीसारखा कण असतो, ती दगडावर ओरखडा काढू शकते. आतला गाभा मऊ असतो, तो दगडाला लागला की आधी स्वतः झिजतो. आपल्याला नेमकं तेच हवं. एका दगडाला दहा-बारा कामट्या लागतात, टोक झिजलं की चाकूने पुन्हा तासायचं. बुरुडाला कामाचं स्वरूप समजावून सांगितलं तर तो अशा कामट्या नेमक्या मापाने करून देतो. पैसे नगण्य. या सगळ्या यादीत आमच्या लेखी पहिला नंबर याच वस्तूचा.

ब्रशांमध्ये नायलॉनचा, मऊ केसांचा, कपडे धुवायचा मिळतो तसला चालतो. तळहातावर दाबून फिरवा. टोचला तर परत ठेवा. रंगीत केसांचा ब्रश घेऊ नका, स्वस्त मालाचा रंग ओल्या दगडावर उतरतो. बारीक नक्षीला लहान मुलांचे टूथब्रश आणि दाढीचा ब्रश. नारळाच्या काथ्याचा ब्रश मागच्या, न कोरलेल्या बाजूला ठीक. समोर नको, त्याचा केस कडक असतो आणि खाचेत अडकून तुटतो.

तारेचा ब्रश नको, कुठल्याच बाजूला नको. ओरखडे पडतात ते एक. शिवाय पोलादाचे बारीक कण दगडाच्या छिद्रांत अडकतात आणि पहिल्या पावसात गंजून तांबूस डाग पडतो, जो पुढे निघत नाही. पितळी तारेचा ब्रश मऊ म्हणून सुचवला जातो, पण तो दगडावर पिवळसर रेघ सोडतो. ग्राइंडरला लावायची वाटी, सँडपेपर, करवतीचं पातं, खुरपं, सगळं याच जातीचं.

पाणी आणि पंप

पाणी ही फुकटची वस्तू म्हणून कुणी तपासत नाही. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे; तिथल्या बोअरचं पाणी भांड्यावर पांढरा थर देतं, तसाच तो दगडाच्या छिद्रांतही देतो. पाणी उडून जातं, क्षार आत राहतात, स्फटिक होताना फुगतात आणि पापुद्रा सुटतो. भिंतीला लोणा लागतो तोच प्रकार. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर ऑनलाइन चारपाचशे रुपयांच्या आत मिळतं, मंडळाने एक घेऊन ठेवावं. पाचशेच्या वर आकडा आला तर ते पाणी वापरू नये असा आमचा नेम आहे. नळाचं, विहिरीचं चांगलं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. तीन फुटी वीरगळाला सगळं मिळून साधारण पन्नास-साठ लिटर पाणी धरा.

पाणी मारायला पाठीवरचा फवारणी पंप, सोळा लिटरचा, हाताने दाब देऊन चालणारा. या कामाला तो सगळ्यात योग्य, कारण त्याचा दाब हाताच्या पंजाला सोसण्याइतका सौम्य आणि नोझल फिरवून धार बारीक करता येते. अट एक: पंप नवा हवा. आपल्याकडे घरोघरी असलेला पंप उसावर तणनाशक मारून आलेला असतो. कितीही धुतला तरी टाकीत आणि नळीत औषधाचा अंश राहतो. तो दगडात मुरतो आणि भोवतीचं गवत जळतं ते वेगळंच. शेजाऱ्याचा पंप मागून आणायचा मोह टाळा.

सर्व्हिसिंग सेंटरवर गाड्या धुवायचं प्रेशर मशिन आणू नका. शंभर बारच्या आसपासची धार कुजलेली साल उडवते आणि पाणी पापुद्र्यामागे घुसवते. धुऊन झाल्यावर दगड लखलखीत दिसतो, फोटोही छान येतो. पुढच्या उन्हाळ्यात मात्र कडा झडायला लागतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

पद्धत साधी आहे. दगडावर पक्ष्यांची विष्ठा, कुंकू, गुलाल, सुकलेले हार असतील ते आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा. महापुराच्या पट्ट्यात, २०१९ आणि २०२१ मध्ये पाण्याखाली गेलेल्या गावांत, खाचांत बसलेला गाळ सुका असताना कामटीने ढिला करून झाडला तर पाणी निम्मं लागतं. ओला करून घासला तर तो चिखल होऊन पुन्हा सगळीकडे बसतो. मग पाण्याची फवारणी करून दगडावर ओलं पोतं टाका. अर्धा तास. पोतं सुकू देऊ नका. शेवाळ आणि दगडफूल पाणी पिऊन फुगतं, तेव्हाच त्याची पकड ढिली होते. दगडफुलाचे तंतू दगडाच्या आत शिरलेले असतात. कोरडं असताना ओरबाडलं तर ते दगडाचे कण घेऊनच निघतं.

पोतं काढल्यावर कामटी दगडाला जवळजवळ आडवी धरा, टोक दगडफुलाच्या कडेखाली सरकवा आणि ढकला. ओढायचं नाही, खणायचं नाही. सुटलं तर चकतीच्या चकती निघते. अडलं तर पाणी मारून पुन्हा पोतं. ब्रश गोल फिरवा, आणि नेहमी खालून वर कामाला लागा, कारण वरून सुरुवात केली की घाण पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरून पट्टे पडतात. खालचा भाग आधीच ओला असला की ओघळ मुरत नाहीत, वरून वाहून जातात. प्रत्येक टप्प्यानंतर स्वच्छ पाणी मारा. ब्रशाच्या पाण्यात काळी बारीक रेती दिसू लागली, तर ती घाण नाही, दगड आहे, तिथे थांबा.

पांढऱ्या-नारिंगी दगडफुलाचे ठसे शेवटी राहतातच. राहू द्या. दगड नवा दिसला पाहिजे ही अपेक्षाच सोडून द्यावी. कोरीव काम वाचता आलं की धुणं पुरे.

बाटल्या, पुड्या आणि कॅन

पाण्याने न निघणारं शेवाळ पश्चिमेकडे, गगनबावडा, राधानगरीच्या पावसात जास्त सापडतं. तिथे सौम्य अमोनिया चालतो. पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्र विभागाच्या कामातही दोन ते पाच टक्क्यांचं द्रावण वापरलं जातं. कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानांत पंचवीस टक्क्यांचा लिकर अमोनिया मिळतो. दोन टक्क्यांसाठी ८० मिलिलिटर अमोनिया आणि ९२० मिलिलिटर पाणी, यापुढे जायची गरज पडू नये. वास डोळ्यांत जातो, म्हणून वाऱ्याची पाठ धरून उभं राहा, चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. ब्लीचिंग पावडर किंवा फिनेलच्या बादलीत तो चुकूनही मिसळू नका. ब्लीचिंगबरोबर विषारी वायू होतो. लावल्यावर दहा मिनिटांत धुऊन टाका, आणि पाणी भरपूर मारा.

धुतल्यावर शेवाळ पुन्हा लवकर येऊ नये म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड. पन्नास टक्क्यांचं द्रावण मिळतं. १०० मिलिलिटर त्यातलं आणि ४.९ लिटर पाणी, म्हणजे एक टक्का झालं. ब्रशने एकच हात, वाळू द्या, धुऊ नका. साबणाचा अंश असलेल्या दगडावर ते निकामी होतं, म्हणून आधी साबण वापरलाच असेल तर दोनदा धुवा. पुढचे दोन दिवस पाऊस नको. माशांना हे औषध घातक आहे, त्यामुळे पंचगंगेच्या काठावरच्या, ओढ्याकाठच्या किंवा विहिरीलगतच्या दगडांना आम्ही ते सुचवत नाही. तिथे दरवर्षी नुसतं पाणी बरं. परिणाम कायमचा नसतो, आणि आपल्या पावसात तर नाहीच.

स्मशानातल्या दगडांवर सरणाच्या धुराची काजळी आणि दिव्याच्या तेलाचा चिकट थर असतो, त्याला नुसतं पाणी पुरत नाही. महाद्वार रोडला काष्ठौषधीच्या दुकानात रिठे मिळतात. आठ-दहा रिठ्यांची सालं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, फेस हातावर घेऊन फक्त काजळीच्या जागी लावा. चांगली वस्तू आहे, पण तिची उणीवही सांगायला हवी: नीट धुतलं नाही तर तपकिरी छटा राहते आणि तिच्यावर बुरशी धरते. तीनदा पाणी मारायची तयारी असेल तरच रिठा घ्या. कपड्याची पावडर त्याच्या जागी चालत नाही. तिच्यात सोडा आणि चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यांचे क्षार दगडात राहतात. धुण्याच्या सोड्याचं आणि खाण्याच्या सोड्याचंही तेच.

आता ॲसिड. टाक्या, संडास, फरशी साफ करायला मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड वीरगळावर ओतलेलं अनेक गावांत ओळखू येतं. दगड पिवळट-तांबूस पडतो, कारण बेसॉल्टमधलं लोह सुटून वर येतं. आपल्या बेसॉल्टमध्ये पांढरे ठिपके असतात, लाव्हातले बुडबुडे नंतर कॅल्साइट आणि झिओलाइटने भरून झालेले. ॲसिड ते खातं आणि वीराच्या चेहऱ्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे राहतात. उरलेले क्लोराइडचे क्षार पुढची कैक वर्षं काम करत राहतात. पातळ केलं तरी चालत नाही, लिंबू-व्हिनेगर ‘नैसर्गिक’ म्हणूनही चालत नाही. ख्रिस्ती दफनभूमीतल्या संगमरवरी क्रूसांना आणि पाट्यांना तर ॲसिडचा वाससुद्धा नको: संगमरवर सगळाच कॅल्साइट, तो डोळ्यांदेखत फसफसतो.

शेंदूर वेगळा विषय आहे. पुजेतल्या दगडावर तेल-शेंदराचं बोटभर कवच चढलेलं असतं. ते काढायचं की नाही हा गावाचा प्रश्न, मंडळाचा नाही. गावाने ठरवलं तरी ते हौशी हातांचं काम नव्हे. शेंदरात शिसं असू शकतं आणि त्याची भुकटी फुप्फुसात जाते. ऑइल पेंटचं तसंच. रंग काढायच्या जेलचा डबा दुकानात मिळतो, पण तो वितळलेला रंग छिद्रांत आणखी खोल ढकलतो.

चुना, आणि सिमेंटचा प्रश्न

धुऊन झालं की मंडळाला कट्टा बांधायची घाई होते. दोन गोणी सिमेंट, वीरगळ रांगेत, बुडाशी काँक्रीट, समोर टाइल्स. आम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं, कारण यात पैसे आणि श्रम दोन्ही जातात आणि दगड अडकून पडतो. सिमेंट पाणी सोडत नाही. जमिनीतला ओलावा मग दगडातूनच वर चढतो आणि काँक्रीटच्या वरच्या कडेला, म्हणजे नेमका पडलेल्या वीराच्या पट्ट्याशी, बाहेर पडतो. सिमेंटचे स्वतःचे क्षारही त्याच्याबरोबर येतात. काही वर्षांत तिथे पांढरी रेघ आणि सुटलेले पापुद्रे दिसतात. पुढे कुणाला दगड काढायचा झाला तर छिन्नी लावावी लागते आणि कोपरे तुटतात.

कट्ट्याच्या सांध्यांना चुना वापरा. बाजारात तीन प्रकार मिळतात. रंगाच्या दुकानातली चुन्याची पावडर बहुधा शिळी असते, हवा खाऊन तिची निम्मी शक्ती गेलेली. ती घेऊ नका. हायड्रॉलिक चुना, गोणीवर ३.५ लिहिलेला, हा उत्तम पण महाग आणि मागवावा लागतो. ओलीतही धरतो, त्यामुळे नदीकाठी पैसे मोजावेत. तिसरा कळीचा चुना, म्हणजे न विझवलेले चुन्याचे खडे, आमची पसंती याला. खडा पाण्यात टाकल्यावर लगेच उकळी फुटली, तडकून फुलला, तर ताजा. विझवताना लोखंडी पिंप वापरा, प्लॅस्टिकचं वितळतं. चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून किमान तीन-चार आठवडे मुरू द्या.

मिश्रण: एक घमेलं मुरलेला चुना, एक घमेलं सुरकी, म्हणजे भाजलेल्या मातीची भुकटी, दोन घमेली धुतलेली वाळू. सुरकीसाठी विटांचा चुरा मागू नका, भट्टीत जास्त भाजलेल्या विटांची भुकटी निर्जीव असते. कुंभार गल्लीत फुटक्या मडक्यांची, पणत्यांची खापरं मिळतात. ती कमी आचेवर भाजलेली, कुटून मैद्याच्या चाळणीने चाळली की चुन्याशी चांगली धरतात. गुळाचं पाणी घालायची जुनी पद्धत आहे आणि गूळ आपल्याकडचाच, त्यामुळे हात सैल सुटतो. घमेल्याला लिंबाएवढा खडा पुरे. जास्त झाला तर चुना दिवसेंदिवस ओलाच राहतो आणि मुंग्या लागतात.

काम दिवाळी ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात चुना वाहून जातो, मे महिन्यात तो धरायच्या आधी सुकून भुकटी होतो. सांधे भरल्यावर ओली पोती, निदान दहा दिवस, दिवसातून दोनदा शिंपण. आणि चुना फक्त कट्ट्याला. कोरीव बाजूला, तुटक्या नाकाला, भेगेला काहीही भरू नका. इपॉक्सी तर नकोच, ती उन्हात पिवळी पडते आणि पुन्हा सुटताना दगड घेऊन सुटते.

उचलायचं सामान

खात्याची संमती आली आणि आडवा दगड उभा करायचाच आहे, तर आधी वजन काढा. तीन फूट उंच, दीड फूट रुंद, नऊ इंच जाड दगड म्हणजे सुमारे ९६ लिटर आकारमान. बेसॉल्टचं एका लिटरला पावणेतीन ते तीन किलो धरा, पावणेतीनशे किलो झालं. आठ जणांनी हातावर उचलायचं हे वजन नाही. उद्यमनगरात एक टनी चेन पुली आणि लोखंडी तिपाई भाड्याने मिळते. पुलीची साखळी दगडाला लागू देऊ नका. चार इंची नायलॉनचा पट्टा, त्याखाली दुहेरी पोतं, आणि पट्टा कोरीव पट्ट्यांवरून न नेता मधल्या, अक्षरं नसलेल्या कडेवरून. घेताना पट्ट्याची शिवण बघा, उसवलेला पट्टा भाड्याने देणारेही भेटतात. जेसीबीच्या दातांनी ढकललेला वीरगळ बहुधा दोन पट्ट्यांच्या मधल्या कडेशीच तुटतो, दगड तिथे खोल कोरलेला असतो.

बुडाचा न घडवलेला, ओबडधोबड भाग हा जमिनीत जाण्यासाठीच ठेवलेला असतो. तो संपतो तिथे जमिनीची रेघ. खड्ड्यात सहा इंच खडी आणि वरून जाड वाळू, म्हणजे पाणी बुडाशी थांबत नाही. भोवती घट्ट ठोकलेला मुरूम, दगडापासून बाहेर उतार. एवढ्यावर दगड उभा राहतो.

बांधकाम रसायनांच्या दुकानात सिलेनचं पाणी रोखणारं द्रावण खूप खपवलं जातं. पत्र्याखालच्या भिंतीला ते चालत असेल. जमिनीत रोवलेल्या दगडाला खालून ओल येतच असते, वरून दार बंद केलं की ती आत कोंडते. एकदा मारलं की काढताही येत नाही. एरंडेल किंवा खोबरेल चोळून दगड काळा चमकवतात, त्यावर धूळ बसून पुढच्या वर्षी तो आधीपेक्षा घाण होतो. खरंच संरक्षण हवं असेल तर छप्पर करा, चारी बाजूंनी उघडं, पागोळ्या दगडापासून लांब पडतील असं. आयर्लंडमध्ये क्लॉनमॅकनॉइस इथल्या मठाच्या दफनभूमीतले मध्ययुगीन कोरीव दगडी क्रूस शेवटी छताखाली हलवून मूळ जागी प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. वालुकाश्म पाऊस फार सोसत नाही. आपला बेसॉल्ट त्याहून टणक, त्याला साधं छप्पर पुष्कळ झालं.

फोटो

कॅमेऱ्याचं वेगळं सामान लागत नाही, मोबाइल पुरतो. धुण्याआधी आणि नंतर, शेजारी फूटपट्टी ठेवून, समोरून आणि चारी बाजूंनी. संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की किंवा अंधारात टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ चिकटून धरला की दिवसा न दिसलेली अक्षरं उठून दिसतात. त्यासाठी खडू, पीठ, गुलाल चोळायची गरज नाही, खडूची भुकटी खाचांतून निघत नाही. त्रिमितीय नमुना करायचा असेल तर ढगाळ दिवशी दगडाभोवती फिरत साठ ते शंभर फोटो, प्रत्येक फोटोत आधीच्याचा दोन तृतीयांश भाग यायला हवा. फोटोंबरोबर गावाचं नाव, जागेचे अक्षांश-रेखांश, उंची-रुंदी-जाडी, दगड कुठल्या दिशेला तोंड करून आहे, आणि वापरलेलं प्रत्येक रसायन किती टक्क्यांचं, हे एका कागदावर लिहून एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर त्याच जागेवरून, त्याच वेळी पुन्हा फोटो काढा आणि जुन्याशेजारी ठेवून बघा. नुसतं शेवाळ असेल तर पाणी आणि मऊ ब्रश, बाकी काही नको. पापुद्रा वाढलेला, कड झडलेली किंवा पांढरा लोणा दिसला तर धुणं थांबवा, दोन्ही फोटो जोडून संचालनालयाला पत्र द्या आणि पोच घेऊन ठेवा.